सतरा सेकंदांचा मूकपट

मूकपटांतल्या निरपराध नायिकांचा मला फार पूर्वीपासून राग येतो. अंगठी हरवते, मालकीण हात लांब करून बोट रोखते, मालक दार दाखवतो, आणि ही बाई एक अक्षर बोलत नाही. छातीवर हात ठेवते, छताकडे बघते, मान खाली घालून चालू लागते. सिनेमाला आवाज नाही हे मला कळतं. पण मध्ये मध्ये काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत वाक्य येतंच की, आम्ही त्याला कार्ड म्हणतो. त्या कार्डावर एवढं लिहायला काय हरकत होती, की अंगठी मी घेतली नाही, तुमच्या पुतण्याने घेतली? संपला सिनेमा. पण मग दीड तास रडायचं कशावर, हा प्रश्न त्या काळच्या लोकांना पडला असणार.

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्याकडे एक चित्रपट मंडळ आहे. मंडळ म्हणजे प्राचार्यांची हौस आणि माझी फरफट. मुलांना सिनेमाचा उगम कळला पाहिजे असं त्यांच्या मनात आलं आणि एक जुना परदेशी मूकपट दाखवायचं ठरलं. कार्डं इंग्रजीत होती. त्यांचं मराठी करायचं आणि सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. मराठीच्या बाईंना दुसरं काय काम असतं, असं आमच्या स्टाफरूमचं एकमताने मत आहे.

सिनेमाची गोष्ट चार ओळींत संपते. मोठ्या घरात एक मोलकरीण. मालकिणीची अंगठी जाते, आळ हिच्यावर येतो. खरा चोर मालकाचा पुतण्या, हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांतच दिसलेलं असतं. त्याच्या मिशाच सांगतात. दुसरा एकच साक्षीदार, म्हातारा माळी, नेमका त्याच दिवशी तापाने फणफणतो आणि पुढचा पाऊण तास डोळे उघडत नाही. वर्गात ही गोष्ट सांगताना या तापाला मी मनसोक्त हसले होते. इतका सोयीचा ताप कुणाला येतो का, असं मुलांना विचारलं होतं.

एक प्रयोगही केला होता. सुरुवातीला, चोरीच्या आधी, नायिका जमिनीवर पडलेली अंगठी उचलते तो तुकडा मुलांना दोनदा दाखवला. पहिल्यांदा आधी कार्ड वाचलं, 'बाईसाहेबांची वस्तू सापडली, नेऊन देते.' दुसऱ्यांदा वाचलं, 'आसपास कुणीच नव्हतं.' चित्र तेच, बाई तीच. दुसऱ्या वेळी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तिचे डोळेच चोराचे आहेत." मी फार खूश झाले. कार्डाची ताकद मुलांना कळली, असं रोजनिशीत लिहूनही टाकलं.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. मंगळवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कार्डांचं मराठी करत बसले होते, तेव्हा फोन वाजला. वाजला म्हणजे आमच्या गावच्या ग्रुपवर काहीतरी आलं. आमचं गाव मांजरसुंब्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. या ग्रुपवर निम्मे लोक गावातले आणि निम्मे गाव सोडून गेलेले. रोज सकाळी फुलं, दुपारी आरोग्याचे सल्ले, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचे फलक, असं तिथलं वेळापत्रक असतं. त्या दिवशी व्हिडिओ होता. सतरा सेकंदांचा.

गावातल्या किराणा दुकानातल्या कॅमेऱ्याचं, आदल्या संध्याकाळचं ते चित्रण होतं. दुकान आप्पांचं. आप्पा म्हणजे गावातले जुने दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, श्रावणात कपिलधारला दर्शनाला पायी जाणारा माणूस. व्हिडिओत आप्पा पाठमोरे उभे, समोरच्या फोटोपुढे दिवा लावत असलेले. गल्ल्याच्या बाजूला फळीवर पांढरी पिशवी. एक घोंगडंवाला माणूस आत येतो, इकडे तिकडे न बघता पिशवी उचलतो, घोंगड्याखाली घालतो आणि बाहेर पडतो. आवाज नाही. वरून घेतलेलं चित्र, त्यामुळे त्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पटक्याचा वरचा भाग तेवढा दिसतो. मला चेहरा दिसायची गरज नव्हती. ते माझे वडील होते.

खाली आप्पांच्या मुलाने लिहिलं होतं, 'वडील पाठमोरे असताना माल गायब. पिढ्यान् पिढ्या ज्यांना घरचं मानलं त्यांची ही कला. गावकऱ्यांनी सावध राहावं.' हा मुलगा तालुक्यालाच असतो, खतं-बियाण्यांचं दुकान आहे त्याचं. वडिलांच्या दुकानात कॅमेरा त्यानेच बसवला. दुकानात कुणी शिरलं की त्याच्या फोनवर तेवढाच तुकडा जातो.

मी गावी फोन लावला. वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन साधा आहे, बटणांचा. व्हिडिओ त्यांनी पाहिलेला नव्हता. आणि मी, कार्डाची ताकद शिकवणारी बाई, त्यांना पहिला प्रश्न काय विचारला? विचारलं, "आबा, आप्पांच्या दुकानातून काय उचललं तुम्ही?"

मागे मेंढरं ओरडत होती.

"आप्पांना इचार," आबा म्हणाले.

"तुम्ही सांगा ना."

"ज्यानं ठिवलं त्यानं सांगावं. उचलणाऱ्याच्या तोंडाला काय किंमत हाय?" एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला. त्या नायिकेला निदान दीड तास मिळतो, मला दीड मिनिटही मिळालं नाही.

काय झालं होतं ते मला आईकडून कळलं, आणि कळल्यावर स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. पिशवीत खडेमीठ होतं. आमच्याकडे मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातातून हातात मीठ गेलं की त्या दोघांत भांडण लागतं, असं मानतात. मीठ देणारा खाली ठेवतो, घेणारा आपल्या हाताने उचलतो. लहानपणी शेजारणीला मीठ द्यायला गेले आणि वाटी तिच्या हातात दिली म्हणून मी आईचा धपाटा खाल्लेला आहे. आप्पा आणि आबा यांनी हा रिवाज चाळीस वर्षांत आणखी घट्ट करून टाकला होता. सोयाबीन निघालं की आमची मेंढरं आप्पांच्या शेतात बसतात, म्हणजे काही दिवस तिथेच मुक्काम करतात आणि शेताला खत मिळतं. त्याआधी आप्पा दरसाल कळपासाठी मीठ देतात. दिवेलागणीला आबा जातात. ते येताना दिसले की आप्पा फळीवर पिशवी ठेवतात आणि पाठ फिरवून दिवा लावतात. दिलेलं मीठ देणाऱ्याने बघू नये, असं आप्पांचं म्हणणं. आबा उचलून चालू लागतात. राम राम नाही, श्याम श्याम नाही. आणि घोंगड्याखाली का घातलं, तर बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर होती आणि मीठ भिजलं असतं.

चाळीस वर्षं दोन माणसं न बोलता एकमेकांशी नीट वागत होती. कॅमेऱ्याने त्यातली शेवटची सतरा सेकंदं उचलली. आप्पा पिशवी ठेवतात तो भाग फोनवर आलाच नव्हता.

मग आप्पांना विचारायचं, इतकं सोपं होतं. पण आप्पा मंगळवारी पहाटेच मोतीबिंदू काढायला परळीला लेकीकडे गेले होते. त्यांच्या पत्नी बरोबर गेल्या होत्या, दुकानाला कुलूप होतं, आणि पूर्ण चित्रण ज्या डब्यात साठतं तो डबा कुलपाच्या आत होता. साक्षीदाराच्या सोयीच्या तापाला हसणाऱ्या बाईला देवाने असं उत्तर दिलं. मी त्यांच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, आत्ताच ऑपरेशन झालंय, त्यांना ताण द्यायचा न्हाई म्हणलेत डॉक्टर." मी म्हटलं, फक्त एक प्रश्न. ती म्हणाली, डोळ्यावर पट्टी आहे. मी म्हटलं, अगं, ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही. त्यानंतर तिने माझा फोन उचलणं बंद केलं.

मग आप्पांच्या मुलाच्या दुकानात गेले. तो शेंबडा होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. तेव्हा मी त्याला 'तू' म्हणायचे, दुकान टाकल्यावर 'तुम्ही' म्हणू लागले, आणि त्या दिवशी परत 'तू'वर आले. म्हटलं, "वडिलांना विचारल्याशिवाय तू हे टाकलंस कसं?"

"ताई, डोळ्यांनी दिसायलंय की. आता कॅमेरा काय खोटं बोलतो का?"

"कॅमेरा काहीच बोलत नाही. बोललास तू."

"गावात गेलो की डबा उघडून बघतो," तो म्हणाला आणि गिऱ्हाईकाला बियाण्याची पिशवी काढून देऊ लागला. ती त्याने हातातच दिली. बियाण्याला असला नियम नाही.

गावात तोवर पिशवीचा प्रवास सुरू झाला होता. मंगळवारी तिच्यात साखर होती. बुधवारी शेंगदाणे झाले. गुरुवारी चहाच्या टपरीवर एकाने दुसऱ्याला विचारलं, "काय बे, काजू व्हते म्हण त्यात?" हे मला माझ्या चुलतभावाने सांगितलं, आणि सांगताना तोही जरा हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला. आप्पांच्या दुकानात काजू कधी कुणी पाहिले होते, एवढं तरी लोकांनी आठवायचं.

मी सिनेमा परत परत बघत होते, कामच होतं ते. आता मला त्यात भलतंच दिसायला लागलं. आळ आल्याबरोबर कॅमेरा त्या मुलीच्या चेहऱ्याजवळ जातो. सगळा पडदा चेहऱ्याने भरतो. डोळ्यांत पाणी, कपाळावर उजेड. पुरावा पुढे पाऊण तासाने येतो, पण आपला निकाल तिथेच लागलेला असतो, हा चेहरा चोराचा असूच शकत नाही. आबांच्या चेहऱ्याजवळ कुणी गेलं नाही. छताच्या कोपऱ्यातून त्यांचा पटका दिसला, घोंगडं दिसलं. घोंगडंवाल्या माणसाने काही उचललं तर ते काय असणार, हे लोकांना आधीच ठाऊक होतं. मला या विचाराने इतका संताप यायचा की मी कार्डांवर भलतंच मराठी लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी खोडायचे.

आणि आबा गप्प. टपरीवर कुणी टोमणा मारला तरी, "आप्पांना इचारा." आईने डोकं आपटलं तरी, "आप्पांना इचारा." मी गावी जाऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, आबा, मीठ होतं एवढं सांगायला काय होतं? चार माणसांत एक वाक्य. ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. काढून झाला, मेंढी पळाली, मग म्हणाले, "म्या मीठ सांगितलं तर ते म्हणत्याल, सापडल्यावर सांगतोय. गप बस." सिनेमातली ती बाई का बोलत नाही, ते मला तेव्हा समजलं. पण समजलं म्हणून राग गेला नाही. उलट तिचा यायचा तेवढा आबांचाही यायला लागला.

रविवारी आप्पा आले. एका डोळ्यावर हिरवा पडदा, हातात काठी. दुकान उघडायला गेले तर पहिल्याच गिऱ्हाइकाने व्हिडिओची हकिगत सांगितली. आप्पांनी उघडलेलं कुलूप परत लावलं आणि चालत देवळापुढच्या ओट्यावर आले. तिथे माणसं बसली होती. आप्पा मोठ्याने म्हणाले, "मीच ठिवलतं मीठ. मिठाला कुणी हातात देत्यात का रे? इतकी वर्षं देतो, तवा कुणाचे डोळे फुटले व्हते?" दुपारी मुलगा आला, डबा उघडला, पूर्ण चित्रण निघालं. आप्पा वाकतात, पिशवी काढतात, फळीवर ठेवतात, वळतात. सगळं स्पष्ट. पाच दिवसांनी माझ्या वडिलांचं निर्दोषत्व सिद्ध झालं. सिनेमा असता तर इथे वाद्यं वाजली असती, मालकिणीने गुडघे टेकले असते आणि शेवटचं कार्ड आलं असतं.

आमच्याकडे काय झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं आली. सुप्रभात.

मी वाट पाहिली. सोमवारी आरोग्याचे सल्ले आले, मंगळवारी एका नातवाचं बारसं झालं. आप्पांच्या मुलाने तो व्हिडिओ काढला नाही, त्याखाली काही लिहिलंही नाही. मी त्याला फोन केला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, विषय मिटला की आता. समद्यांना कळलंय. कावून उकरून काढायलाव?"

सगळ्यांना म्हणजे कुणाला? ओट्यावर त्या वेळी बसलेल्या सात-आठ जणांना. पुण्याला, संभाजीनगरला, ऊसतोडीला गेलेल्यांना व्हिडिओ गेला होता, आप्पांचं बोलणं गेलं नव्हतं. शेजारच्या गावच्या दोघा शेतकऱ्यांनी दरसाल ठरलेलं असताना, 'या साली मेंढरं ऱ्हाऊ द्या, पुढं बघू,' असा निरोप धाडला. का, ते सांगितलं नाही. ज्याच्या शेतात रात्रंदिवस मुक्काम करायचा त्याने आपल्यावर विश्वास टाकला पाहिजे. मेंढपाळाचा धंदा त्याच्यावर चालतो. आणि धूर निघाला म्हणजे आग असणारच, एवढं शहाणपण प्रत्येकाकडे असतं.

आबांनी मात्र आपली अट सांगितली, तीही एकदाच. आप्पा स्वतः आमच्या दारात आले होते. म्हणाले, चल, शेत मोकळं झालंय, मेंढरं आण. आबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्यावर माझा राग न्हाई. पर जितं लिवलं तितंच पुसाया पायजे. तवर मी तुमच्या वावरात पाऊल टाकणार न्हाई." आप्पांनी मान हलवली. मुलाला सांगतो म्हणाले. त्यांनी सांगितलंही असणार. पण पन्नाशीला टेकलेल्या आणि स्वतःचं दुकान असलेल्या मुलाला म्हाताऱ्या बापाने किती सांगायचं? आप्पांचं शेत मोकळंच पडून राहिलं आणि आमची मेंढरं डोंगराच्या कडेला फिरत राहिली. एका वाक्यासाठी. ते वाक्य लिहायला अंगठ्याला अर्धा मिनिट लागलं असतं.

त्यानंतरच्या शनिवारी आमचा सिनेमा होता. दुपारी तीनला कॉलेजच्या सभागृहाला काळे पडदे लावले. मुलं होती, त्यांचे पालक होते, प्राचार्यांनी तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यांनाही निमंत्रणं दिली होती. तिसऱ्या रांगेत आप्पांचा मुलगा सपत्नीक बसलेला मला दिसला. संगीताचे सर पेटीवर होते. मी पडद्याशेजारी छोटा दिवा घेऊन उभी राहिले आणि वाचू लागले.

लोक आधी हसले. त्या हातवाऱ्यांना, धावपळीला, पुतण्याच्या मिशांना. मग हळूहळू हसणं थांबलं. मुलीला घराबाहेर काढतात तिथे मागे कुणीतरी पुतण्याला शिवी हासडली. माळ्याचा ताप उतरला तेव्हा टाळ्या पडल्या. पुतण्याच्या कोटाच्या अस्तरातून अंगठी निघाली, मालकिणीने त्या मुलीपुढे गुडघे टेकले आणि मी शेवटचं कार्ड वाचलं, "सर्वांसमोर मी तुला दोष दिला. सर्वांसमोर सांगते, चूक माझी होती." मूळ इंग्रजी कार्डावर इतकंच होतं, 'मला क्षमा कर.' बाकीचं मी घातलं. भाषांतरात असं करू नये हे मी स्वतः मुलांना शिकवते. त्या दिवशी मला त्याची काडीची लाज वाटली नाही. वाचताना मी तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

तो रडत होता. खरंच रडत होता, रुमालाने डोळे टिपत.

दिवे लागल्यावर तो माझ्याकडे आला. डोळे लाल होते. "ताई, लई भारी. बिचारीला उगंच छळलं बघा. अन् ती बया कशी मान्य करती शेवटी, अंगावर काटा आला."

मी म्हटलं, "मग तू कधी लिहितोस?"

"काय?"

मी सांगते, तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. दीड तास तो त्या मुलीच्या बाजूने होता, आमच्या सगळ्यांसारखाच. मूकपट बघणारा प्रत्येक जण निरपराधाच्याच बाजूला बसतो, कारण चोर कोण ते त्याला आधीच दाखवलेलं असतं. बोट रोखणारी मालकीण आपण असू, असं तिकीट काढून आलेल्या कुणाला वाटत असेल? मी तिथेच, पेटीवाले सर आणि प्राचार्य ऐकत असताना, त्याला म्हणाले, "माझ्या वडिलांबद्दल. ग्रुपवर. आत्ता लिही. मी उभी आहे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने फोन काढला. बराच वेळ अंगठा वरखाली झाला, काहीतरी लिहून पुसलं, परत लिहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला. 'दुकानातील व्हिडिओबाबत गैरसमज झाला होता. तरी कुणी मनावर घेऊ नये. क्षमस्व.' खाली जोडलेले हात. मी काही म्हणायच्या आत त्याने ते पाठवलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यावर चार अंगठे आले.

रविवारी मी गावी गेले आणि आबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

"कुणाचा गैरसमज?" त्यांनी विचारलं. "त्याचा का माझा?"

"त्याचा."

"तसं लिवलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं. वाक्यात माणूसच नव्हता, ना ज्याने आळ घेतला तो, ना ज्याच्यावर घेतला तो. चोर म्हणायच्या वेळी पिढ्यान् पिढ्यांचा उल्लेख झाला होता, आणि आता गैरसमज आपोआप झाला होता, पाऊस झाला तसा. मी आबांना म्हटलं, मी त्याला परत लिहायला लावते, बघा. आणि तेव्हाच मला माझा पहिला फोन आठवला. म्हटलं, "आबा, मीही तुम्हाला काय उचललं म्हणूनच विचारलं होतं. चुकलं माझं."

"तू इचारलं तरी," ते म्हणाले. "बाकीच्यांनी त्ये बी न्हाई केलं." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. आप्पा म्हातारा झालाय. त्याच्या वावरात खत पडंना, त्याचा काय गुन्हा?" दोन दिवसांनी त्यांनी मेंढरं आप्पांच्या शेतात नेली. गावाने म्हटलं, बघा, मिटलं की नाही. मला मात्र ते मिटल्यासारखं अजून वाटत नाही. आबांनी हार मानली आणि तिला सगळ्यांनी समेट म्हटलं, असं मला वाटतं. हे मी आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, तुला भांडायला आवडतं. आवडतं, हे खरंच आहे.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा आबांना गुडघ्यासाठी बीडला डॉक्टरकडे नेलं होतं. परत येताना मांजरसुंब्याला थांबलो. चहा झाला, आणि आईने मागवलेली साबणाची वडी घ्यायला मी बाजूच्या मोठ्या दुकानात शिरले. आबाही मागोमाग आत आले. नवं दुकान, कोपऱ्या-कोपऱ्यात कॅमेरे. आम्हाला तिथे ओळखणारं कुणी नव्हतं आणि आबांनी कशालाही हात लावला नव्हता. मी साबण घेऊन दारापर्यंत आले, वळून पाहिलं, तर ते मागेच थांबलेले. दाराच्या वर एक कॅमेरा होता. त्याच्याकडे तोंड करून आबांनी पटका जरा मागे सारला. मग घोंगडं दोन्ही हातांनी उघडलं, आतली बाजू दाखवली, सदऱ्याचा खिसा उलटा केला, आणि सावकाश, दुखऱ्या गुडघ्यावर, एकदा पूर्ण गोल फिरले. गल्ल्यावरचा माणूस बघत राहिला.

मी जाऊन त्यांचा हात धरला. "आबा, कावून असं करायलाव? कुणी काही म्हटलंय का?"

"न्हाई," आबा म्हणाले आणि घोंगडं परत खांद्यावर घेतलं. "त्याला आपलं ऐकू येत न्हाई. म्हणून दाखवून निघायचं."